पऱ्हाटी सुटी विकू नका

(टिटवाळा येथील कार्यकर्ता अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



यवतमाळ, वर्धा, अकोला, परभणी, जळगाव इतक्या लांबून आपल्याला टिटवाळ्याला कशाला बोलावले, असे काल रात्री जेवताना दोघातिघांनी विचारले. गणपतीचे दर्शन झाले ते चांगलेच झाले, पण बोलावले त्यासाठी नाही. ह्या भागात भात पिकतो. कापूस नाही आणि आपली कोरडवाहू ज्वारीही नाही. तरीसुद्धा आपल्या मालाचे पुढे काय होते, ते पाहायचे तर ह्याच रेल्वेलाइनीवर यावे लागते. इथून कल्याणच्या बाजूला एक स्टेशन गेले की आंबिवली, तिथे मोहन्याचा एन. आर. सी.चा रेयॉन कारखाना. तो २००९ पासून बंद आहे. पुढचे स्टेशन शहाड, तिथे सेंच्युरी रेयॉन, १९५६ पासूनचा. आणखी पुढे माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिला लोक सिरकॉट म्हणतात. ती १९२४ साली स्थापन झाली. कापूस आपल्याकडे, अक्कल आणि यंत्र इकडे, ही वाटणी शंभर वर्षांची आहे.

आजचा विषय ऐकायला जरा अवघड आहे. अधूनमधून पेपरात बातमी झळकते की शेतातल्या काडीकचऱ्यापासून विद्युतचुंबकीय लहरी अडवणारे साहित्य तयार झाले. मग कुणीतरी गावात येतो आणि म्हणतो, तुमच्या पऱ्हाटीला आता सोन्याचा भाव येणार. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेलो, वीज हा आमचा धंदा नव्हे. पण आपल्या बांधावरच्या मालाचा सवाल आहे म्हटल्यावर आम्हाला ते समजून घ्यावे लागले. जे समजले ते सांगतो.

खरखर कसली असते

आधी ह्या लहरींचा त्रास काय ते पाहू. जुन्या ट्रान्झिस्टरवर बाजारभाव लागलेले असत आणि कुणी विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर दाबले की रेडिओत कर्रर्र आवाज व्हायचा. मोटारीच्या ठिणगीतून निघालेली लहर हवेतून रेडिओत घुसायची. एका उपकरणाने दुसऱ्याच्या कामात असा घातलेला खोडा, त्याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. रेडिओ खरखरला तर बातम्या बुडतात, एवढेच. पण आता शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलरसुद्धा सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो आणि तोडतो. त्याच्या शेजारी मोबाइलवर चालणारे स्टार्टर असते, इलेक्ट्रॉनिक मीटर असते. दवाखान्यात, विमानात, गाडीच्या ब्रेकमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसली आहेत. तिथे एकाची लहर दुसऱ्यात घुसून चालत नाही.

आपण ज्या लाइनीवरून आलो तिचेच उदाहरण घ्या. आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, नागपूरकडून येणाऱ्या गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलायचे. इगतपुरीच्या अलीकडे मुंबईपर्यंत तारेत १५०० व्होल्टची डी.सी. वीज होती, पलीकडे २५ हजार व्होल्टची ए.सी. पुढे कसाऱ्याकडून मुंबईकडे टप्प्याटप्प्याने सगळी लाइन ए.सी. करत आणली आणि २०१५ साली ते काम संपले. ए.सी. विजेचा प्रवाह सारखा दिशा बदलतो. त्यामुळे तिच्या तारेला समांतर दुसरी तार गेली असेल तर तिच्यात आपोआप वीज उमटते. म्हणून अशी लाइन करताना रुळांच्या कडेच्या फोनच्या उघड्या तारा ठेवून भागत नाही, धातूचे आवरण असलेली केबल जमिनीत घालावी लागते. ते धातूचे आवरण म्हणजेच कवच.

कवचाचे शास्त्र मायकेल फॅरेडेने १८३६ साली दाखवून दिले. ज्यातून वीज वाहते अशा पदार्थाने एखादी जागा सगळीकडून वेढली की बाहेरची लहर आत जात नाही. घरी करून पाहा. मोबाइल ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात सगळीकडून नीट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या, वाजणार नाही. फट राहिली तर वाजेल. कवचाचा दर्जा डेसिबलमध्ये मोजतात. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग पार जातो, ३० म्हणजे हजारातला एक, ४० म्हणजे दहा हजारातला एक. हा हिशेब ध्यानात ठेवा. उद्या कुणी ‘लहरी अडवणारी वस्तू’ विकायला आला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, किती डेसिबल आणि कुठे मोजले? मोजण्याची सोय आपल्या राज्यातच आहे. पवईच्या आय. आय. टी.च्या आवारात १९८४ पासून समीर नावाची सरकारी संशोधन संस्था आहे, तिची व्यत्यय मोजण्याची प्रयोगशाळा खारघरला आहे.

हा प्रश्न का विचारायचा, त्याला कारण घडले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी दिल्लीत शेणाची एक चकती दाखवली आणि ती मोबाइलला लावली की किरणोत्सर्ग कमी होतो असे सांगितले. शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. आम्हाला शेणाचे वावडे नाही, शेणखतावाचून आमची जमीन उभी राहत नाही. पण वाळलेल्या शेणातून वीज वाहत नाही, मग लहर अडणार कशी? तीच गोष्ट वाळलेल्या पऱ्हाटीची, कडब्याची, तुरीच्या तुराट्यांची. कच्ची काडी लहरीला जवळजवळ उघड्या दारासारखी आहे. पऱ्हाटी लहर अडवते असे कुणी म्हटले तर तो अर्धेच सांगतो आहे. पऱ्हाटीचा कोळसा, तोही नीट तापवलेला, लहर अडवतो.

सुताच्या दिव्यापासून

कापसाच्या धाग्यातून वीज वाहत नाही. पण तोच धागा हवा न लागू देता जाळला, म्हणजे त्याची राख न होता फक्त कार्बन उरला, तर वाहते. हे आजचे नाही. ऑक्टोबर १८७९ मध्ये एडिसनने जो विजेचा दिवा तासन्‌तास पेटता ठेवला, त्याच्या आतली तार कोळसा केलेल्या सुताची होती. पुढे त्याने जपानच्या बांबूची तार वापरली. म्हणजे विजेच्या दिव्याची सुरुवात कापसापासून झाली, आणि विदर्भातला कापूस उत्पादक मात्र रात्रीच्या पाण्यासाठी विजेची वाट पाहतो!

कापूस, लाकूड, पऱ्हाटी ह्या सगळ्यांचा मुख्य घटक सेल्युलोज. शहाडचा कारखाना लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज विरघळवून त्याचा रेशमासारखा धागा काढतो, त्याला रेयॉन म्हणतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ह्याच रेयॉनला तापवून कार्बनचा धागा केला. रॉकेटच्या शेपटाला जिथे सगळ्यात जास्त आच लागते तिथे तो वापरला गेला. झाडाच्या धाग्यातून पोलादाला हेवा वाटेल असा माल निघतो, हे जगाला साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच कळले आहे.

कवचाचे साहित्य करण्याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. एक, झाडाच्या धाग्याचे कापड घ्यायचे, त्यावर धातूचा किंवा कार्बनचा लेप चढवायचा आणि राळेत घट्ट बसवायचे. दुसरी, कोळशाची बारीक पूड करून प्लास्टिकमध्ये किंवा भुशाच्या पाटीत मिसळायची. कण एकमेकांना टेकतील इतकी पूड घातली की सगळ्या पाटीतून वीज वाहू लागते. तिसरी, लाकडाचा तुकडाच्या तुकडा कोळसा करायचा आणि त्याची छिद्रे तशीच ठेवायची. लहर त्या छिद्रांत शिरते, आतल्या आत आपटते आणि तिची उष्णता होऊन जाते. ह्याला संमिश्र साहित्य म्हणतात, कंपोझिट. नावाला घाबरू नका. भिंतीच्या गाऱ्यात आपण भुसा कालवतो, तेही संमिश्रच. माती दाबाला टिकते, काडी ताणाला टिकते, दोघे मिळून भिंत टिकते. इथे काडी अंग देते आणि कार्बन वीज वाहतो.

मग तांब्या-लोखंडाचा पत्रा असताना ही उठाठेव कशाला? पत्रा जड, महाग, गंजतो. शिवाय तो लहर परत फेकतो, ती दुसऱ्या यंत्रावर जाऊन आदळते. कार्बन लहर बऱ्याच प्रमाणात पिऊन टाकतो. लहरी मोजायच्या खोल्यांमध्ये भिंतींना कार्बन पाजलेल्या फोमचे टोकदार सुळके लावलेले असतात ते ह्याचसाठी. सुरुवातीच्या काळात, फोम नव्हता तेव्हा, प्राण्यांच्या केसांची गादी कार्बनच्या लेपात बुडवून तिथे लावत असत. केसांची गादी चालली, तर पऱ्हाटीची पाटी चालायला काय हरकत आहे, एवढाच हा सगळा विचार.

हरकती आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. गावच्या भट्टीत लाकूड चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापते. तो कोळसा चुलीला चालतो, जमिनीत घालायला चालतो, विजेला चालत नाही. विजेसाठी आठशे ते हजार अंश लागतात आणि तेही हवाबंद. फरक पाहायचा असेल तर मोटार बांधणाऱ्या कारागिराकडचे मीटर आणा. जुन्या टॉर्चच्या सेलमधली काळी कांडी काढा आणि दोन टोकांना मीटर लावा, वीज सहज जाते. मग चुलीतला कोळसा लावून पाहा. बहुतेक वेळा मीटर हलणार नाही. दोन्ही कार्बनच, पण एकाने आच खाल्ली आहे, दुसऱ्याने खाल्लेली नाही. दुसरी हरकत अशी की काडी वनस्पतीची असली तरी तिला चिकटवणारी राळ बहुतेक रासायनिक कारखान्यातून येते. ‘वनस्पतीजन्य’ ही चिठ्ठी वाचून भुलू नका. तिसरी आणि मोठी हरकत, हे काम आज बहुतांशी प्रयोगशाळांत आहे. बाजारात अजून धातूचेच राज्य आहे.

सरकीचे झाले ते पऱ्हाटीचे होऊ नये

आता आपल्या घरचा हिशेब. पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन निघते असे संशोधक धरतात, म्हणजे एकरी आठ ते बारा क्विंटल. हलक्या कोरडवाहू जमिनीत त्याहून कमी. महाराष्ट्रात कापसाचे क्षेत्र चाळीस लाख हेक्टरच्या आसपास. दोन टन धरले तरी ऐंशी लाख टन पऱ्हाटी. तिच्यात साधारण चौथा हिस्सा लिग्निन असते, ज्याचा कोळसा चांगला पडतो. ह्यातले कवचासाठी किती लागेल? इलेक्ट्रॉनिक पेट्यांना लागून लागून किती लागणार! ऐंशी लाख टनांपुढे ते चिमूटभर. तेव्हा ह्या धंद्याने कापसाचे दुखणे बरे होईल असे जो सांगेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मोठा खप दुसरीकडे आहे. पऱ्हाटीच्या भुशापासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेल्या पाट्या, करण्याचे तंत्र सिरकॉटने बसवले. नागपूरच्या त्यांच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात आंतरराष्ट्रीय मदतीने त्याचा नमुना कारखानाही उभा राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण घालून दिले. म्हणजे पऱ्हाटीला गिऱ्हाईक आले आहे, कवचाची बातमी खरी होवो न होवो. सवाल आहे तो आपण गिऱ्हाइकाला काय विकणार हा.

सरकी आठवा. क्विंटलभर कापसात चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. एके काळी सरकी म्हणजे गुरांचे खाद्य. आज तिचे तेल निघते, पेंड निघते, तिच्यावरच्या बारीक लवेला, लिंटरला, वेगळा भाव आहे. त्या लिंटरपासून सिरकॉटने माटुंग्याला अतिसूक्ष्म सेल्युलोज काढून दाखवले. सरकीला तेजी आली की कापसाचा भाव थोडा चढतो हे खरे. पण तेल आणि पेंड जिनच्या फाटकाच्या आत होते, आपण फाटकाच्या बाहेर बैलगाडीवर बसलेलो. वजन दोघांचे आपण वाहून नेले, आणि हिशेब एकाच ओळीत मिळाला.

पऱ्हाटीचे तसे होऊ द्यायचे नसेल तर पहिले काम आपल्या शिवारात झाले पाहिजे. पऱ्हाटी फुगीर माल आहे. ट्रक दिसायला भरतो, काट्यावर भरत नाही. सुटी विकली तर भाड्यातच भाव जातो आणि व्यापारी तेच कारण दाखवून भाव पाडतो. कुट्टी करून विकली तर त्याच ट्रकात कितीतरी जास्त माल बसतो. कोळसा करून विकला तर वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, शंभर किलो पऱ्हाटीला साधारण पंचवीस ते तीस किलो. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, क्रिडाने, तेलाच्या रिकाम्या पिंपापासून उचलून नेता येईल अशी भट्टी केली आहे, तिच्यात पऱ्हाटीही जाळून पाहिली आहे. हजार अंशांची दुसरी भट्टी तालुक्याला एक असली तरी पुष्कळ. ती उभी राहिलीच नाही तरी पहिल्या भट्टीचा कोळसा वाया जात नाही, तो खतात मिसळून आपल्याच जमिनीत घालता येतो. म्हणून आम्ही म्हणतो की कुट्टी आणि पहिला कोळसा ही दोन कामे शेतकऱ्यांच्या गटाने सोडू नयेत. पुढची राळ, साचे, डेसिबल ज्यांना जमते त्यांनी करावे.

पऱ्हाटी उचलण्यात आणखी एक फायदा आहे, तो पैशाहून मोठा ठरू शकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते सांगायला नको. ही अळी उभ्या फरदडीत आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या न उमललेल्या किडक्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामाला हजर होते. जानेवारीत पऱ्हाटी उपटून तिची कुट्टी केली तर अळीचे घर मोडते. वर्षभर बांधावर ढीग ठेवून ‘भाव आल्यावर विकू’ म्हणाल, तर विकत मात्र अळीच घ्याल.

पण सगळी पऱ्हाटी विकायची नाही. आपल्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब जेमतेम अर्धा टक्का, कुठे त्याहून कमी. पऱ्हाटीबरोबर पालाशही जाते. निम्मी तरी कुट्टी करून शेतातच पसरावी, असे आमचे मत आहे. आणि ज्वारीच्या कडब्याला ह्या धंद्यात हात लावू देऊ नका. कडब्याला गिऱ्हाईक आपल्या गोठ्यातच उभे आहे, कित्येक वर्षी दाण्यापेक्षा कडब्यानेच घर चालवले आहे. धांड्याचाही कार्बन होतो म्हणून कुणी भाव सांगेल. उन्हाळ्यात पेंढीला किती पडतात ते त्याला विचारा.

एक गोष्ट मायबहिणींनी काल वेगळी बसून सांगितली, ती इथे सर्वांसमोर मांडतो. गावात ज्यांना जमीन नाही ती घरे आपली पऱ्हाटी उपटतात आणि मजुरी म्हणून पऱ्हाटीच घेऊन जातात. वर्षाचे जळण त्यावर होते. गॅसची शेगडी घरोघर आली, पण टाकी भरायचे पैसे दर महिन्याला कुठून यायचे? पऱ्हाटीला भाव आला की आपण म्हणू, आता फुकट नाही. मग त्या बायांची चूल कशावर पेटायची? भाव ठरवताना उपटणीची मजुरी रोख धरा, आणि भट्टीवरचे काम आधी त्याच घरांना द्या. हे दयेचे नाही, व्यवहाराचे आहे. उपटणारे हात नसतील तर पऱ्हाटी शेतातच उभी राहील आणि अळी तिच्यात.

कंपनीचा माणूस करार घेऊन आला तर काय पाहायचे, ते लिहून घ्या. भाव वाळलेल्या मालावर की ओल्या मालावर, आणि ओल कोण मोजणार? काटा कोणाचा? पाच वर्षे दुसऱ्याला विकायचे नाही असे कलम असेल तर सही करायची नाही. कुट्टीचे यंत्र तो देणार असेल तर त्याचे भाडे भावातून कापणार की वेगळे? आणि लहरी अडवणाऱ्या मालासाठीच घेतो म्हणाला तर समीरचा किंवा तशा प्रयोगशाळेचा चाचणीचा कागद मागा. कागद नसेल तर तो जळणाचा गिऱ्हाईक आहे असे समजून जळणाच्या भावाने बोला.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने तीन शेतांचा आकडा आणायचा आहे. एक हलकी जमीन, एक मध्यम, एक भारी. शेवटच्या वेचणीनंतर एका गुंठ्यातली पऱ्हाटी मुळासकट उपटा, माती झटका, पंधरा दिवस उन्हात वाळवा आणि मग तोला. चाळीसने गुणले की एकराचा आकडा. सोबत वाण, लागवडीची तारीख आणि उपटणीला किती माणसे, किती तास लागले हेही लिहा. संशोधकांचे दोन-तीन टन कागदावर आहेत. गिऱ्हाइकासमोर बसायचे तर आपल्या जमिनीचे वजन आपल्या वहीत हवे. ज्यांच्याकडे मोठा काटा नसेल त्यांनी जिनवर जाऊ नये, शाळेतला किंवा रेशन दुकानातला मागून घ्यावा.